माळ्यावरच्या रेडिओला आधी वाचा, वीज शेवटी द्या

गोंदियाच्या गोरेगाव तालुक्यातल्या जुन्या घरांत पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणसे चढली, की माळ्यावरून बरेच काही खाली येते. पितळी गुंड, तुटका पाळणा, आणि एखाद्या घरी धानाच्या चुंगड्यांमागे दडलेला रेडिओ. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, टेलेरॅड. कोणीतरी फडके मारते, मागची वायर उलगडते आणि ‘लागतो का पाहू’ म्हणत पिन सरळ बोर्डात खुपसते.

नेमके हेच करायचे नाही. चाळीस-पन्नास वर्षे माळ्यावर पडून रेडिओचे फारसे बिघडत नाही, पण त्या पहिल्या दहा सेकंदांत बिघडू शकते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमवर एक पातळ रोधक थर असतो. वीज मिळत राहिली तर तो टिकतो, नाहीतर विरत जातो. अशा कंडेन्सरवर एकदम अडीचशे व्होल्ट आले, की तो शॉर्टसारखा वागतो. मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो. कंडेन्सर आज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळतो. त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, तो गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून हा लेख वीज देण्याबद्दल कमी आणि त्याआधी काय पाहायचे याबद्दल जास्त आहे.

सगळ्यात आधी आपल्यासमोर कोणत्या जातीचा रेडिओ आहे ते ओळखा. मागचा पुठ्ठा काढा. बऱ्याच सेटांत पुठ्ठ्याच्या किंवा पेटीच्या आतल्या बाजूला व्हॉल्व्ह कुठे कोणता, याचा कागद चिकटवलेला असतो. त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. मग चेसिसचे वरून, खालून आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. पुढे एखादी तार कुठून सुटली हे आठवेनासे झाले, की हेच फोटो कामी येतात.

आता व्हॉल्व्हच्या काचेवरचे अक्षर वाचा. अंगठ्याने घासू नका, जुनी छपाई धुळीबरोबर निघून जाते. काचेवर हळूच तोंडाची वाफ सोडली, तर पुसट झालेला क्रमांक क्षणभर उमटतो. युरोपियन पद्धतीच्या क्रमांकात पहिले अक्षर व्हॉल्व्हच्या तंतूला किती वीज लागते ते सांगते. फिलिप्स, मर्फी, बुश अशा आपल्याकडच्या बहुतेक सेटांत हीच पद्धत सापडते, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही याच क्रमांकांचे व्हॉल्व्ह बनवले. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘यू’ म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हचे तंतू एकापुढे एक जोडून त्यांतून १०० मिलीॲम्पिअर वाहणार. ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, अर्थात बॅटरीवरचा सेट. अमेरिकन क्रमांकांत हीच माहिती पहिल्या आकड्यात असते. १, ३ ने सुरू होणारे व्हॉल्व्ह बॅटरीचे, ६ ने सुरू होणारे ट्रान्सफॉर्मरवरच्या सेटातले, आणि १२, ३५, ५० असे आकडे एकाच पेटीत दिसले तर ‘यू’सारखीच मालिका समजा.

आपल्या भागात ‘डी’ अक्षराकडे जास्त लक्ष द्या. शहरातल्या रेडिओवरच्या लेखांत त्याचा उल्लेख येत नाही, कारण तिथे दिवे आधीच लागलेले होते. पूर्व विदर्भातल्या गावांत वीज पोचण्याच्या कितीतरी आधी रेडिओ पोचला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले आणि ते ऐकायला गावात विजेचा खांब असण्याची गरज नव्हती. ९० व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी आणि तंतूंसाठी दीड व्होल्टचा सेल यांवर डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशी चौकडी चालायची. असा सेट चुकून २३० व्होल्टच्या बोर्डाला जोडला, तर चारही व्हॉल्व्ह डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. त्यांचे तंतू केसाहून बारीक असतात. ते शाबूत आहेत का हे तपासायला जुन्या काट्याच्या मीटरची सर्वांत खालची ओहम-रेंजही वापरू नका, कारण तिच्यातून जाणारा प्रवाह तंतू जाळू शकतो. साधा डिजिटल मल्टिमीटर चालेल.

एक शक्यता आणखी. सेट घरचा नसून गावाचा असू शकतो. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. लोकांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. पुढे ही कल्पना देशभर पसरली आणि चावडीवर, शाळेत रेडिओ आले. पेटीवर ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा रंगवलेला क्रमांक दिसला, तर पॉलिशच्या नादात तो खरवडू नका. सोबत पोस्टाची लायसनची पुस्तिका सापडली तर तीही जपा. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागायचा आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. त्यावरच्या शिक्क्यांवरून सेटाच्या वयाचा अंदाज येतो.

बॅटरी-सेट चालू करणे एका अर्थी सर्वांत सोपे आहे. नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, की ९० व्होल्ट होतात. तंतूंसाठी दीड व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो. मात्र व्हॉल्व्ह आधी सगळे काढून ठेवा. सॉकेटच्या तंतूच्या पायांवर दीडच्या आसपासच व्होल्ट येतात ना, हे मीटरने पाहा, आणि मगच एकेक व्हॉल्व्ह बसवा. दोन्ही पुरवठ्यांच्या तारांची अदलाबदल झाली तर सगळी मेहनत वाया. ९० व्होल्टला ‘बॅटरीच तर आहे’ म्हणून हसू नका, चांगला झटका बसतो. अल्कलाईन बॅटऱ्या घेतल्या आणि रोज तासभर ऐकले, तर त्या महिनाभर सहज जातात. आणखी एक फायदा पुढे येईलच: बॅटरीवरचा सेट तारेतून येणारी खरखर घेत नाही.

‘यू’ मालिकेबद्दल मात्र मी कडक शब्दांतच सांगतो. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ किंवा यूएल ८४, यूवाय ८५ असे क्रमांक दिसले, तर त्या सेटात विजेपासून वेगळे करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातल्या विजेची एक तार थेट लोखंडी चेसिसला जोडलेली असते. दोन पायांची पिन उलटी बसली की सगळी चेसिस २३० व्होल्टवर. बटणाच्या खाचेतला बारीक स्क्रू बोटाला लागला तरी झटका बसू शकतो, म्हणून कारखान्यात त्या खाचा मेणाने बुजवायचे. खात्री करून घ्यायची पद्धत अशी: पिन बोर्डातून पूर्ण काढलेली ठेवा, रेडिओचा स्विच चालू करा आणि मीटरने पिनेच्या प्रत्येक पायापासून चेसिसपर्यंतचा रोध मोजा. कुठल्याही एका बाजूला काही ओहम किंवा काही शे ओहमच आले, तर चेसिस जिवंत आहे असे धरा. क्रमांक ‘ई’चे असले तरी ही चाचणी करा, कारण काही स्वस्त सेटांत ऑटोट्रान्सफॉर्मर वापरलेला असतो आणि तोही वेगळेपण देत नाही. असा सेट २३०ला २३० देणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालवू नका. तो नसेल, तर इथेच थांबा आणि आयटीआय झालेल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. छंदापायी जीव गमावू नये.

व्हॉल्व्हच नसतील आणि हिरव्या-तपकिरी पट्टीवर टोपीसारखे छोटे डबे दिसले, तर तो ट्रान्झिस्टर. त्यात झटक्याची भीती नाही. बहुतेक वेळा आत विसरलेल्या सेलांनीच त्याचा घात केलेला असतो. जुने सेल जस्त-कार्बनचे होते, त्यांतून गळणारा रस आम्लधर्मी असतो, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून पत्र्या पुसा. अलीकडच्या अल्कलाईन सेलची गळती असेल तर उलट, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. त्यानंतर स्पिरिटने कोरडे करा. एएफ ११५, एएफ ११७ अशा जर्मेनियम ट्रान्झिस्टरांत एक प्रसिद्ध दोष आहे. डब्याच्या आतून कथलाचे सूक्ष्म केस वाढतात आणि पायांना डब्याशी शॉर्ट करतात. अशा ट्रान्झिस्टरला चार पाय असतात, त्यांतला डब्याला जोडलेला पाय कापला तर पुष्कळदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. डाग देताना पाय चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता आत जाणार नाही. ट्रान्झिस्टरबद्दल एवढे पुरे. पुढचे सगळे व्हॉल्व्हच्या सेटाबद्दल आहे.

स्वच्छतेला घाई नको. माळ्यावरचा रेडिओ म्हणजे उंदरांचे बाळंतघर. लेंड्या आणि घरटे कोरडे झाडू नका. तोंडाला मास्क बांधा, हातमोजे घाला, जंतुनाशकाच्या पाण्याने ते हलके ओले करा आणि मग उचला. उंदराचे मूत चेसिसच्या पत्र्याला आणि आयएफ कॉइलच्या डब्यांना खाते, तिथे हिरवट-पांढरे डाग दिसतात. कॉइलच्या आत ही हिरवळ पोचली असेल, तर केसासारखी तार कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता धरून चाला. पेटीच्या आत उष्णतेपासून लाकूड वाचवायला लावलेला करडा-पांढरा लोकरीसारखा तक्ता दिसला, तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला खरवडू नका, ब्रशही लावू नका.

मऊ ब्रशने वरची धूळ काढा. व्हॉल्व्ह काढताना काच धरून हिसका देऊ नका. बुडाशी धरून किंचित डोलवत सरळ वर ओढा आणि प्रत्येकाची जागा कागदावर लिहा. आणि डायलची काच! तिच्यावरची केंद्रांची नावे आणि मीटरचे आकडे काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेले असतात. ओले फडके एकदा फिरले की अर्धे जग पुसले जाते, आणि ते परत रंगवता येत नाही. पुढची बाजू पुसा, मागची फक्त कोरड्या ब्रशने झटका.

मग कामाला बसा. हत्यारे फार लागत नाहीत: डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ३५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, चांगले सोल्डर, सोल्डर ओढायचा पंप, बारीक पक्कड. सुटे भाग गोंदियात न मिळाले तर नागपूरला बर्डीवर मिळतात. मुंबईला जाणे होणार असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. जुने व्हॉल्व्ह आणि बटणे हवी असतील, तर भंगारात निघालेला दुसरा सेट हाच खरा बाजार. म्हणून गावात कोणी मेलेला रेडिओ भंगारवाल्याला देत असेल, तर आधी त्याच्यातले व्हॉल्व्ह, स्पीकर, बटणे काढून ठेवा.

बदलायचे काय? माझे मत असे, की दोन प्रकारचे कंडेन्सर न तपासताच बदलावेत आणि बाकी काहीही तपासल्याशिवाय बदलू नये. पहिला प्रकार फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे चेसिसवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा. दुसरा मेणाच्या कागदाचे कंडेन्सर, तपकिरी किंवा काळ्या नळकांड्यांसारखे, ज्यांच्या टोकांतून मेण किंवा डांबर ओघळलेले असते. आपल्या भागाच्या दमट पावसाळ्यात मेणाच्या कागदात ओल शिरतेच. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नका.

फिल्टरच्या डब्यावर ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरड असे लिहिलेले असते. त्याच्या जागी प्रत्येकी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे नवे घ्या. मोठा कंडेन्सर घातला तर घरघर आणखी कमी होईल, हा हिशेब इथे चालत नाही. ईझेड ८० या रेक्टिफायरला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा सोसत नाही. जुना डबा शोभेसाठी जागेवर राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवा. जुन्याच्या समांतर नवा जोडला तर जुन्याची गळती तशीच चालू राहते. मेणाच्या कागदाच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर बसतात. विजेच्या तारेवर थेट बसलेला एखादा कंडेन्सर असेल, तर तिथे ‘एक्स २’ असा शिक्का असलेलाच घाला, साधा नको. एका वेळी एकच काढा, एकच बसवा, फोटोशी ताडून पाहा.

या सगळ्यांत एक कंडेन्सर सर्वांत महत्त्वाचा. साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा, शेवटच्या ताकदीच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा. तो किंचितही गळला, तरी मागच्या व्हॉल्व्हचे धन व्होल्ट ग्रिडवर येतात, ईएल ८४ सारखा व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर नेतो. रेडिओ वाजतो, आवाज जरा फाटतो, आणि अर्ध्या तासाने सगळे शांत. पुष्कळ चालू रेडिओ असेच मेलेले आहेत. वेळ कमी असेल तर हा एक कंडेन्सर आधी बदला.

रेझिस्टन्स मोजताना त्यांचे एक टोक सोडवा. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाने वाढत जातात. लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांवर गेलेले बदला, बाकीचे राहू द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मोठ्या गुंडाळीत काही शे ओहम यायला हवेत. काहीच आले नाही तर ती तुटली आहे, आणि तशा अवस्थेत सेट चालू करू नका. चपटा, पंखे असलेला सेलेनियमचा रेक्टिफायर दिसला तर तो काढून सिलिकॉन डायोड आणि त्यासोबत योग्य रेझिस्टन्स लावावा. सेलेनियम जळाला की निघणारा धूर विषारी असतो. विजेची वायर तर नवीच घाला. कापडी वेष्टणाची जुनी वायर कितीही देखणी असली, तरी आतले रबर भुगा झालेले असते.

आयएफ कॉइलच्या डब्यांवरचे स्क्रू फिरवू नका. कारखान्यात ते बसवून वरून मेण लावलेले असते. ‘आवाज वाढतो का पाहू’ म्हणून कोणी ते चारही दिशांना फिरवले, की सिग्नल जनरेटरशिवाय ते परत जागेवर येत नाहीत.

आता वीज. त्यासाठी घरच्या घरी एक सिरीज बोर्ड बनवा, वायरमन लोक वापरतात तसा. साधा ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब विजेच्या तारेत रेडिओच्या आधी एकापुढे एक जोडलेला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. हा बल्ब रेडिओ वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि वीज द्या. बल्ब मंद राहिला आणि बाकीच्या व्हॉल्व्हचे तंतू मंद नारिंगी दिसले, तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. बल्ब पूर्ण प्रकाशला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग रेक्टिफायर बसवा. बल्ब थोडा उजळेल आणि पुन्हा मंदावेल. फिल्टर कंडेन्सरवर व्होल्ट हळूहळू चढताना मीटरवर दिसले पाहिजेत. मोजताना एक हात पाठीमागे ठेवायची सवय लावून घ्या, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, जाणार नाही. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. १० किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टन्स तारेला डाग देऊन काही सेकंद त्याच्यावर धरा, मीटरने शून्य आल्याचे पाहा आणि मगच हात घाला.

सगळे सुरळीत दिसले तर बल्ब बाजूला करा आणि सेट योग्य फ्यूजमधून सरळ विजेवर घ्या. ट्रान्सफॉर्मरवरच्या सेटात फिल्टर कंडेन्सरवर साधारण २०० ते २५० व्होल्ट येतात. ईएल ८४ च्या ग्रिडवर शून्य यायला हवे, कॅथोडवर सातच्या आसपास. ग्रिडवर धन व्होल्ट दिसले तर मघाचा तो कंडेन्सर पुन्हा पाहा. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल, तर त्यात आणि बँड स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन फवारे मारून दहा-वीस वेळा फिरवा. पॉलिशपेपर नको. डायलची दोरी तुटलेली असेल तर नवी ओवण्याआधी तिचा मार्ग कागदावर काढा. मासेमारीची विणलेली, न ताणणारी दोरी चालते. एकेरी नायलॉन ताणते आणि काटा भलतीकडे जातो.

रेडिओ चालू झाला, पण ऐकायचे काय? जुन्या डायलवर किलोहर्ट्झऐवजी बहुधा मीटर लिहिलेले असतात. तीन लाखांना किलोहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. नागपूरच्या मध्यम लहरीची वारंवारता ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे काटा ५१३ मीटरजवळ. रायपूर ९८१ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ३०६ मीटर. गोरेगावचे एक बरे आहे: नागपूर जवळपास सरळ पश्चिमेला आणि रायपूर जवळपास सरळ पूर्वेला. आत फेराइटची कांडी असलेला सेट असेल, तर कांडी दक्षिणोत्तर ठेवली की दोन्ही केंद्रे जोरात येतात. पूर्व-पश्चिम ठेवली तर दोन्ही दबतात. केंद्र लागले नाही तर रेडिओला दोष देण्याआधी कोणाच्या तरी चालू ट्रान्झिस्टरवर तीच वारंवारता लावून पाहा. आता बरीच प्रसारणे एफएमवर आणि मोबाईलवर गेली आहेत. शॉर्टवेव्हवर तर फार आशा ठेवू नका. १९५२ पासून ज्या पट्ट्यांवर रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला ऐकली जायची, तिथे आज बरीच शांतता आहे. बीबीसीच्या हिंदी सेवेनेही ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह बंद केली.

दिवसा फक्त खरखर येत असेल तर घरातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहा. जुन्या काळी ही खरखर नव्हतीच. लोडशेडिंगमध्ये मोहल्ल्यातली वीज गेली, की बॅटरीवरचा सेट एकदम स्वच्छ बोलतो, तो यामुळेच. फेराइट नसलेल्या व्हॉल्व्ह सेटाला दहा-पंधरा मीटर तार अंगणात उंच बांधा, भिंतीपासून दूर. पूर्वी घराघरांत तांब्याच्या जाळीची पट्टी खोलीभर ताणलेली असायची, ती अजून टांगलेली असेल तर तिलाच जोडा. रात्री लांबची केंद्रे येतात. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन परततात.

पेटीचे काम शेवटी, आणि माझ्या मते शक्य तेवढे कमी. पाण्याचे डाग, चिमणीची काजळी, विडीचा चटका हे सगळे त्या घराचेच आहे. पॉलिश उडालेच असेल तर मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. आपल्याकडे पळसावर लाख पिकते, तीच शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवली की हे पॉलिश तयार. म्हणजे ज्या जंगलातून आले, तिथेच ते परत लावायचे. फक्त पावसाळ्यात लावू नका. दमट हवेत ते पांढरे पडते. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, सुती कापडाच्या बोळ्याने, पातळ थर एकावर एक. वाळवीने खाल्लेले लाकूड भरायचे असेल तर सुताराला लाकडाचा भुसा आणि सरस वापरायला सांगा. बॅकेलाइटच्या पेटीला थिनर लागता कामा नये. साबणाचे पाणी, मग थोडे मेण.

स्पीकरपुढचे कापड फाटलेले असेल तर पडद्याचे जाड कापड लावू नका, आवाज गुदमरतो. तोंडाने फुंकर मारून पलीकडे हवा जाते का पाहा. भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा विरळ विणीचा कोसा या कामाला सुंदर दिसतो. त्याचा सोनेरी-तपकिरी रंग जुन्या पेटीशी जुळतो. स्पीकरच्या पुठ्ठ्याची चीर टिश्यू कागद आणि पाणी घातलेला फेविकॉल यांनी सांधते.

आत ब्लूटूथचा तुकडा बसवून जुने चेसिस फेकून देणारे हल्ली खूप आहेत. पेटी राहते, रेडिओ जातो. मोबाईलवरची गाणी जुन्या रेडिओतून ऐकायचीच असतील, तर बऱ्याच सेटांच्या मागे ग्रामोफोनसाठी दोन छिद्रे असतात, तिथे ऑडिओची वायर जोडता येते. काही कापावे लागत नाही. पण हे फक्त विजेपासून वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटात. ‘यू’ मालिकेच्या सेटाला मोबाईल जोडला, तर चेसिसवरची वीज थेट तुमच्या हातात येते.

दुरुस्त झालेला सेट पंधरा दिवसांतून एकदा तरी तासभर चालवा, म्हणजे नव्या इलेक्ट्रोलिटिकचा थर टिकतो आणि चेसिसमधली ओल उडते. पहिले काही तास त्याला एकटे सोडून शेतावर जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर हाताला सोसवेल इतपतच गरम झाला पाहिजे, डांबराचा वास आला तर पिन काढा. आणि उन्हाळ्यात आभाळ गडगडायला लागण्याआधीच अंगणातल्या एरियलची तार सेटातून सोडवून घराबाहेर जमिनीतल्या अर्थिंगच्या कांबीला जोडून ठेवा. वीज कडाडत असताना ती सोडवायला जाऊ नका. हे काम पहिल्या वळवाच्या आधीच उरकायचे.